ठोकळ्याआडचा बाहुला

मोबाईल दाखवल्याशिवाय घास न गिळणारी आपली मुलगी, आत्या राहायला आल्यापासून दुपारभर एकदाही रडत नाही, हे तिच्या वडिलांना काही केल्या पचेना. बहीण सख्खी खरी, पण संशयाला नातेगोते कुठे असते! ती पोरीला झोपेचे औषध तर पाजत नसेल? गुंगीचा मागमूस जरी दिसला, तरी तिला आजच परत पाठवायचे, असे ठरवून ते कामावरून अवेळी परतले आणि चोरपावलांनी दाराच्या फटीशी उभे राहिले.

आत लाकडी बाहुल्यांचा संसार मांडला होता. लेथ यंत्रावर घडवलेल्या त्या गुळगुळीत बाहुल्यांना डोके, धड आणि रंगवलेले हसू, एवढेच होते. मुलगी त्यांना भरवत होती, दटावत होती. एक बाहुला मात्र ठोकळ्याआड एकटाच उभा होता.

"हा गं कोण, ठमाबाई?" आत्याने विचारले.

"बाबा. लपून बघतो नेहमी."

"अगं, मग आत बोलव की त्याला!"

"कसा येईल? दार उघडायला हात कुठे आहेत त्याला?"

वडील कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी दार ढकलले.