आबांनी घातलेलं पाणी

अमृत पुण्याहून टकलावर केस लावून आला, तेव्हा वडिलांनी, गेनूआबांनी, त्याला दारातच उभं करून त्याच्याभोवती एक फेरी मारली. कपाळापासून टाळूपर्यंत बारीक लाल ठिपके आणि त्यात उभे खुंटासारखे केस. "आरं, ही तर भाताची लावणीच की!" म्हणत आबा हसत हसत ओट्यावर बसले. आईने, बनाबाईने, मात्र तोंडाला पदर लावला. पोराच्या डोक्याची ती दशा तिला बघवेना.

हौस म्हणून काही अमृतने हे केलं नव्हतं. मार्गासनीत घरची जमीन, वरव्याजवळच्या कारखान्यात नोकरी, स्वभाव गाईसारखा. पण मुलीकडची माणसं पोहे खाऊन जायची आणि मागून निरोप यायचा, मुलगा वयस्कर दिसतो. पस्तिशीतल्या माणसाने हे किती वेळा ऐकावं?

डॉक्टरांनी पथ्यं सांगितली होती. डोक्याला हात लावायचा नाही, खाज आली तरी सोसायची. ऊन नको, धूळ नको, ओझं तर अजिबात नको. टेकून, अर्धवट बसूनच झोपायचं. आणि थोड्या थोड्या वेळाने सलाईनचं पाणी फवारायचं. स्वतःच्या टाळूवर अमृतचा नेम काही बसेना. पाणी कानात, मानेवर, सदऱ्यात. शेवटी आबांनी बाटली हिसकावून घेतली.

"रोपाला पानी घालायला तू मला शिकवनार व्हय? बस गप."

त्या दिवसापासून आबांना दुसरं काम राहिलं नाही. त्यांनी कोंबड्या अंगणाबाहेर हाकलल्या. बघायला येणाऱ्यांना लांब बसवलं. बनाबाईने मायेने हळद-तेलाची वाटी आणली, तर तिच्या अंगावर धावून गेले. "हात लावायचा न्हाई. वरनं नुसतं बघायचं!" ज्या माणसाने पोराला कधी जवळ घेतलं नव्हतं, तो आता चष्मा लावून त्याच्या डोक्यावर वाकून बसायचा. अमृतला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

म्हशींसाठी गवताचा भारा आणणं अमृतचं काम होतं. कामावरून आला की तो बांधावर जायचा, भारा डोक्यावर घेऊन यायचा, आणि फाटकाशी आबा दोन्ही हात वर करून तो उतरवून घ्यायचे. आता तो भारा आबा आणू लागले. "शेजाऱ्यास्नी सांगू की," अमृत म्हणायचा. "का? मी काय मेलो का?" आबा म्हणायचे.

एका संध्याकाळी आबा फाटकाशी आले ते घामाने निथळत. चेहरा पार उतरला होता. अमृत भारा धरायला हात पसरून धावला.

"तू नगंस!" आबा ओरडले. "गवात डोस्क्याला लागंल. मागं सर!"

आणि अमृत मागे सरला. आबांनी भारा एकट्यानेच झुगारला, फाटकाला धरलं आणि तिथेच खाली बसले. टेम्पोत घालून नसरापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला गुंजवणीच्या काठावर भावकी जमली. मुलाने केस द्यायचे ते बापासाठीच. न्हाव्याने अमृतला समोर बसवलं, डोकं पाहिलं आणि वस्तरा तसाच धरून ठेवला.

"अमृतभाऊ, खपल्या हायेत अजून. हितं वस्तरा फिरवला तर रगात यील. लावलेलं समदं जाईल."

"जाऊ दे," अमृत म्हणाला. त्याला खरंच ते जायला हवं होतं. ते डोकं आता त्याला नकोसं झालं होतं.

"बापापरीस केस मोठं न्हाईत," चुलत्यांनी मागून दुजोरा दिला.

तेवढ्यात बनाबाई बायकांतून उठून पुढे आली. तिने पोराच्या डोक्यावर हात धरला, पण टेकवला नाही. नुसता वर धरला.

"ह्याला पानी त्येंनी घातलंय," ती म्हणाली. "वस्तरा लावायचा न्हाई."

न्हाव्याने अमृतची मिशी तेवढी काढली. चुलते घरी जाईपर्यंत पुटपुटत होते. अमृतला वाटलं, आबांचं देणं आपल्याकडेच राहिलं.

पुढे एका सकाळी अमृत अंगणात डोकं धूत होता आणि बनाबाई तांब्याने हळूच पाणी सोडत होती. फेसाबरोबर केस हातात आले. आणखी आले. बनाबाईच्या हातातला तांब्या पडला.

"म्या आडवलं," ती म्हणाली. "त्येंचं त्येंनाच द्यायचं हुतं. न्हेलं बघ त्येंनी."

"न्हाई गं आई. डॉक्टरांनी सांगितलं हुतं. लावलेलं केस पयलं गळत्यात. मुळं आत ऱ्हात्यात. काही म्हैन्यांनी परत येत्यात."

"त्येंना सांगितलं हुतंस का हे?"

सांगितलं नव्हतं. आबा हसतील, म्हणून सांगितलं नव्हतं.

"बघायला पायजे हुतं त्येंनी," बनाबाई म्हणाली, आणि दहाव्यालाही न रडलेली ती बाई अंगणातल्या ओल्या मातीत बसून रडली. अमृत साबणाच्या हातांनी तिच्याजवळ बसून राहिला.

डॉक्टरांनी ओझ्याला मुभा दिली, त्याच दिवशी तो बांधावर गेला. गवत कापलं, भारा बांधला, टॉवेलाची चुंबळ करून उघड्या टाळूवर ठेवली आणि भारा उचलला. वाटेत चुलते भेटले. भाऱ्याखालचं उजाड डोकं बघून त्यांनी मान खाली घातली.

फाटकाशी आल्यावर अमृत थांबला. भारा डोक्यावर तसाच. सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "आबा, धरा."

बनाबाई चुलीपुढून उठून आली. तिने दोन्ही हात वर केले, पण तिचे हात भाऱ्यापर्यंत पोचेनात.

अमृत तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.