तिसऱ्या वर्षाची धाकटी बहीण

विनिफ्रेड टूमीनं सोरोरिटीत जायचं ठरवलं तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. आमच्या अलाबामातल्या विद्यापीठात मुलींची ही मंडळं म्हणजे मोठं प्रकरण. प्रत्येक मंडळाचं पांढऱ्या खांबांचं घर, स्वतःचा स्वयंपाकी, स्वतःची गाणी. त्यात शिरायचं ते पहिल्या वर्षी, अठराव्या वर्षी. विनीला विसावं संपत आलं होतं. मी तिच्या खोलीत राहायचे, त्यामुळे तिला वेड्यात काढायचा पहिला हक्क माझा.

"त्या पोरींमध्ये तू मावशी दिसशील," मी म्हटलं.

"दिसू दे. मावश्यांचे लाड होतात," ती म्हणाली आणि इस्त्री करत राहिली.

ऑगस्टच्या उकाड्यात निवडीचा आठवडा सुरू झाला. रोज घरोघरी जायचं, दारात टाळ्या वाजवत गाणाऱ्या मुलींसमोर हसायचं आणि गप्पा मारायच्या. कितवं वर्ष, असं कुणी विचारलं की विनी "तिसरं" म्हणायची. समोरचीचं हसू तसंच राहायचं, पण नजर विनीच्या खांद्यावरून पुढच्या मुलीकडे जायची. दोन वर्षांत निघून जाणारी मुलगी कुणाला हवी? पहिल्या दिवशी नऊ घरांनी बोलावलं होतं, नंतर चार, आणि शेवटच्या दिवशी एकच.

तिथे मेरीबेथ क्रेन नावाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं तिला विचारलं, आत्ताच का? विनीनं समाजसेवा, नेतृत्व वगैरे पाठ करून ठेवलं होतं. दोन वाक्यं म्हटली आणि थांबली.

"खरं सांगू? माझी इथे एकच मैत्रीण आहे. ती जानेवारीत स्पेनला शिकायला चाललीय. ती गेल्यावर दिवसभरात माझं नाव घेणारं कुणी उरणार नाही."

मेरीबेथनं आपल्या हातातला बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास विनीला दिला.

स्पेनला जाणारी ती मैत्रीण मी. हे सगळं मला पुढे मेरीबेथनंच सांगितलं. तोवर मी नुसत्या सामानाच्या याद्या करत होते.

निकालाच्या दिवशी मैदानावर सगळ्यांनी, कुठल्या मंडळानं निवडलं ते सांगणारी पाकिटं एकदम फोडली आणि त्या त्या मंडळाच्या घराकडे धूम ठोकली. विनी सगळ्यात शेवटी पोचली, तुटलेली चप्पल हातात घेऊन. मेरीबेथनं तिला मिठी मारली तेव्हा दोघीही घामानं निथळत होत्या.

नव्या मुलीला तिथे एक थोरली बहीण नेमून देतात. विनीची थोरली मेरीबेथ, तिच्याहून वर्षानं लहान. काही अडलं तर मला विचारायचं, असं तिनं विनीला ऐटीत बजावलं. पंधरा दिवसांत स्वतःच रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन आमच्या खोलीत रडत बसली. विनीनं तिला दुपारभर शिकवलं. मग दर मंगळवारी तेच.

"धाकटे, हे परत सांग," ती म्हणायची, आणि विनी निमूटपणे परत सांगायची.

मला जरा मत्सर वाटला, हे कबूल करते. एकदा मी विनीला म्हटलंही, की एकटं वाटतंय हे मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

खरंच गेले नसते.

जानेवारीत दोघींनी मला विमानतळावर सोडलं. मेरीबेथ गाडी चालवत होती, विनी तिला रस्ता दाखवत होती, आणि दोघी वाटभर भांडत होत्या. मी मागे बॅग मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवडच नव्हती.