छोटा भाता

दोघे साडू. थोरला औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेला, धाकटा बस चालवणारा. एकाला स्क्रूसुद्धा ओळीत मांडायची सवय, दुसरा हाताला लागेल ते घेऊन पुढे रेटणारा. एरवी त्यांचं फारसं जमलं नसतं. पण सासरे गेले आणि त्यांची जुनी बोट या दोघांच्या गळ्यात पडली. तेव्हापासून सुट्टीचे दिवस एकत्रच जायला लागले.

या बोटीचं इंजिन आत आणि पंखा बाहेर. दोघांना जोडणारा गिअरचा जड भाग, म्हणजे स्टर्न ड्राइव्ह, बोटीच्या पाठीला लटकलेला. त्याचं तेल दुधाळ निघायला लागलं, तेव्हा पाणी शिरतंय हे उघडच होतं. बोट धक्क्यावर चढवून दोघांनी तो भाग उतरवला, सील बदलली. जोडाभोवतीचा रबरी भाता बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. तो घडीघडीवर तडकला होता. तोही नवा घातला.

"आणि दादा, हा बारका?" धाकट्याने विचारलं. गिअरच्या केबलवर तसाच एक अंगठ्याएवढा भाता होता.

थोरल्याने तो चिमटीत दाबून पाहिला. "मऊ आहे अजून. बदलायचा तर सगळं परत उघडावं लागेल."

"मग राहू दे की. म्हातारा आहे, पण धडधाकट आहे."

दोघेही हसले.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी दोघांच्या बायका, दोघी बहिणी, आपल्या आईंना घेऊन आल्या. पक्षाघातानंतर आईंची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. पण बोटीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उजळायचा. क्रेनने बोट अलगद उतरवली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. सुकाणू दोन्ही बाजूंना पार टोकापर्यंत फिरवून पाहिलं. आत डोकावून पाहिलं, सगळं कोरडं ठणठणीत.

"पास झालो!" धाकटा ओरडला.

आई दमल्या होत्या. त्यांना पुढच्या केबिनमध्ये झोपवलं आणि वारा लागू नये म्हणून दार सरकवून घेतलं. चुकून कुणी किल्ली फिरवू नये म्हणून थोरल्याने बॅटरीचा मुख्य स्विचही बंद केला. मग चौघं धक्क्यावरच्या बाकावर चहा घेत बसली.

थोड्या वेळाने ठक ठक ऐकू यायला लागलं.

"शेजारच्या बोटीत काम चाललंय वाटतं," थोरली म्हणाली.

"ठोकू दे. आपलं संपलं," असं म्हणत धाकट्याने सहज मान वळवली. बोटीच्या पाठीला पोहणाऱ्यांसाठी एक फळी होती. ती दिसेना. क्षणभर त्याला कळेचना, फळी गेली कुठे. मग त्याच्या हातातला कप खाली पडला.

"दादा, आई!"

मागचा भाग पाण्याखाली चालला होता. ठोकण्याचा आवाज आतून येत होता.

धाकट्याने बोटीत उडी मारली. केबिनचं दार रुळात अडकलं होतं. त्याने लाथ घातली, दुसरी घातली, तिसऱ्या लाथेला ते निखळलं. आत गुडघाभर पाणी. आई पलंगाच्या कडेला पाय वर घेऊन बसल्या होत्या. डाव्या हातातला स्टीलचा पेला भिंतीवर आपटत होत्या, आणि जावई समोर दिसला तरी आपटतच राहिल्या. त्याने त्यांना खांद्यावर टाकून बाहेर आणलं. तोवर क्रेनवाला धावत आला आणि त्याने पट्टे अडकवून बोट उचलली.

बोट हवेत लटकली तसं मागून पाणी बदाबदा कोसळलं. शेवटी एक बारीक धार उरली, ती छोट्या भात्याच्या चिरेतून. सुकाणू टोकापर्यंत फिरवलं तेव्हा गिअरचा भाग वळून तो किंचित चिरला असणार, आणि चीर मग वाढत गेली. आणि आत आलेलं पाणी आपोआप बाहेर फेकणारा उपसा पंप? जुन्या वायरिंगमध्ये तोही त्याच मुख्य स्विचवर होता.

थोरल्याने धार पाहिली. "मी स्वतः बंद केला," तो म्हणत राहिला. "जपायचं म्हणून बंद केला."

आईंच्या मुठीतला पेला सोडवायला दोघी लेकी लागल्या. आई कांबळ्यात थरथरत होत्या. त्यांनी थोरल्याला खुणेने जवळ बोलावलं. तो गुडघ्यांवर टेकला आणि आईंनी डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली. फाडकन आवाज झाला. मग त्याच हाताने त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला रडताना थोरली पहिल्यांदाच पाहत होती.

इंजिन धुऊनपुसून कसंबसं वाचलं. सगळे भाते नवे आले, पंपाची वायर थेट बॅटरीला जोडली गेली. केबिनचं दार परत बसवायला धाकट्याने साफ नकार दिला.

बोट पुन्हा पाण्यात उतरली तेव्हा आईंची खुर्ची उघड्यावर, उन्हात मांडली होती. त्यांनीच खुणेने दाखवून तिथे मांडायला लावली होती. धाकटा सुकाणूवर होता, पण एकही विनोद करत नव्हता. थोरला मात्र वर आलाच नाही. इंजिनाचं झाकण उघडं टाकून, टॉर्च घेऊन तो आतच बसून होता. वरून कुणीही हाक मारली की उत्तर एकच यायचं,

"कोरडं आहे."