परवानगी न मागितलेला अंक

योम इन-हो तुरुंगातून सुटला तेव्हा जपान शरण येऊन एकच दिवस झाला होता. जपान्यांनी बंदी घातलेल्या कोरियन भाषेत चोरून वर्तमानपत्र काढलं म्हणून तीन वर्षं तो आत होता. चौकशीत उजव्या हाताची बोटं अशी मोडली होती, की लेखणी धरवत नव्हती. तरी घरी न जाता तो बायकोबरोबर, मालसुकबरोबर, थेट छापखान्यात गेला.

छपाईचे खिळे जुळवणारा म्हातारा दोकसू दारातच उभा होता.

"काका, जपान्यांनी खिळे सगळे वितळवायला नेले ना?" योमने विचारलं.

"वरवरचे नेले. बाकीचे परसात, किमचीच्या, कोबीच्या लोणच्याच्या, रांजणांखाली पुरलेत. वहिनींचीच अक्कल."

"आणि तीन हिवाळे या काकांनी किमची फुकट खाल्ली," मालसुक म्हणाली. "वर म्हणायचे, खारट झालीय."

तिघांनी मिळून खणलं. खिळे धुऊन पुसून खणांत लावले. योम अग्रलेख बोलत गेला आणि दोकसू ऐकता ऐकता जुळवत गेला. हाताने कागदावर एक अक्षरही लिहावं लागलं नाही. दुपारपर्यंत पहिले ताव निघाले.

तेवढ्यात जपानी फौजदार आला. कमरेला पिस्तूल अजून होतंच.

"कुणाच्या परवानगीनं छापताय?"

बाहेर अंकासाठी गर्दी जमली होती. योमने ओला अंक त्याच्या हातात ठेवला.

"आजवर तुम्ही छापण्याआधी वाचत होतात. आज सगळ्यांसारखं छापल्यावर वाचा."

फौजदाराने अंक पाहिला, गर्दी पाहिली. मग अंकाची घडी करून खिशात घातली आणि तो निघून गेला. लोकांनी योमला खांद्यावर घेतलं.

तीन वर्षांनी देशाच्या विधिमंडळाची पहिली निवडणूक आली आणि योम उभा राहिला. त्याच्यासमोर एक बडा जमीनदार होता. "ज्याला सही करता येत नाही तो कायदे काय करणार?" असं तो सभांतून विचारायचा. बाजारात कुणीतरी तेच मालसुकला ऐकवलं.

"कायदे बोलून होतात," ती म्हणाली. "आणि यांचं तोंड कुणाला बंद करता आलं नाही. मलासुद्धा नाही."

अख्खा बाजार हसला. आठवड्याभरात ते वाक्य गावोगाव पोचलं. योम चार हजार मतांनी निवडून आला.

राजधानी सोलच्या सभागृहात तो पहिल्यांदा उठला तेव्हा त्याने भाषण केलं नाही. खणखणीत कोरियन भाषेत एकच प्रश्न विचारला: "डोंगरातल्या शाळांत आपल्या भाषेची पुस्तकं कधी पोचणार?"

मंत्र्यांना त्याच बैठकीत तारीख द्यावी लागली.