खणामागचा स्क्रू

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली ती फ्यूज उडायच्याही आधी. दोघा भावांत टॅक्सी एकच. दिवसा थोरला चालवायचा, संध्याकाळपासून धाकटा. सकाळी गाडी हातात आली की थोरला आधी सीट हुंगायचा, मग आरसा कोणी हलवलाय का ते बघायचा. धाकटा परस्पर कुठेतरी जातो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि संशयाला खायला रोज काही ना काही मिळतंच. हल्ली संध्याकाळी गाडी एका ठरावीक गल्लीत थांबते, हे त्याला कळलं होतं. कसं कळलं, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याच सुमारास ब्लोअरचा, म्हणजे गाडीत वारा सोडणाऱ्या पंख्याचा, फ्यूज उडायला लागला. उडायचा तोही धाकट्याच्याच पाळीत. थोरल्याच्या हातात ब्लोअर गरीब गाईसारखा चालायचा.

"तू त्यावर भलतंच काहीतरी जोडतोस," थोरला म्हणायचा.

"मी कशाला जोडू, दादा?"

बायको म्हणाली, "अहो, भाऊ आहे तो तुमचा." पण ऐकतो कोण.

शेवटी गाडी टेस्टरच्या गॅरेजवर आणली. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या या माणसाला सगळे टेस्टरच म्हणत. थोरल्यानं धाकट्यालाही मुद्दाम बोलावलं होतं. लबाडी उघडी पडली की तिथंच, टेस्टरच्या साक्षीनं, त्याच्या हातातून गाडी काढून घ्यायची, असं त्यानं ठरवलं होतं.

टेस्टरनं फ्यूज लावलाच नाही, त्याच्या जागी एक दिवा जोडला. "किती फ्यूज जाळायचे? शॉर्ट झालं की हा पेटेल." मग त्यानं ब्लोअरच्या मोटरची जोडणी सोडवली आणि बटण फिरवलं. दिवा काही पेटला नाही. वायरी हलवल्या, बॉनेटवर थापा मारल्या, तरी दिवा ढिम्म.

"तुझ्या पाळीत गाडीत वेगळं काय असतं?" त्यानं धाकट्याला विचारलं.

"काही नाही. पाण्याची बाटली ठेवतो, या खणात." धाकट्यानं डॅशबोर्डच्या खणात भरलेली बाटली कोंबली आणि झाकण दाबून लावलं.

दिवा लख्ख पेटला.

"मोटर सुटी असतानाही पेटला, म्हणजे ती बिचारी निर्दोष," टेस्टर म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देणार होतो आपण. खण काढावा लागेल."

थोरला घाईनं मध्ये पडला. "राहू दे. बाटली नाही ठेवली म्हणजे झालं."

"आणि गाडी पेटली म्हणजे?"

खण निघाला. मागच्या पत्र्यावर एक काळी डबी ठोकलेली होती. तिचा लांब स्क्रू थेट वायरींच्या जुडग्यात घुसला होता. बाटलीनं खण मागे रेटला की सोललेली तार स्क्रूला टेकायची.

"ही कसली डबी?" धाकट्यानं विचारलं.

"गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दाखवते. ज्यानं ठोकलीय त्याला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नाही."

थोरला स्क्रूकडेच बघत राहिला. लाजेनं त्याचे कान तापले होते. धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

"म्हणजे मी रोज त्या गल्लीत थांबतो, ते तुला दिसत होतं."

"दिसत होतं."

धाकट्यानं शर्टाच्या खिशातून फ्यूजची पुडी काढून बॉनेटवर ठेवली. "स्पेअर पार्टचं दुकान आहे तिथं. आत बसलेली माणसं उकाड्यानं कावतात, म्हणून घ्यायचो. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, दादा." पुडीशेजारी त्यानं आपली किल्ली ठेवली. "आता दोन्ही पाळ्या तूच चालव."

तो चालत निघून गेला.

टेस्टरनं स्क्रू काढला, तारेला टेप गुंडाळली, पुडीतलाच एक फ्यूज बसवला. ब्लोअर सुरळीत फिरू लागला. थोरला आत बसला आणि सवयीनं त्यानं मोबाइल उघडला. नकाशावरचं गाडीचं टिंब गॅरेजच्या दारातच उभं होतं. धाकटा कुठं गेला, ते त्यावरून कळणार नव्हतं.