सुतळीच्या आतला दगड

एक लाकडी खुंटी, कडूबाईच्या मुठीत.

बांधावर काढून ठेवलेली नवी चप्पल.

अडीच-तीन हजार वर्षं.

कपाशीत उभा राहून तंबाखू मळणारा दीर.

"दगड जागचा हलला असंल तर माझं नाव कडूबाई नाय," हे एक वाक्य. सकाळपासून जो भेटेल त्याला ऐकवलेलं.

"मावशी, खुंटी घट्ट धरा," सरिता म्हणाली आणि सुतळी ताणत मागं मागं चालू लागली.

कडूबाई दगडांच्या गोलाच्या मधोमध उकिडवी बसली होती. सोयगावपासून फार लांब नसलेल्या या शेतातल्या गोलाला गाव 'राक्षसाचं खळं' म्हणायचं. जुन्या अवशेषांचा अभ्यास करणारी सरिता गारखेड्याहून येऊन अशा जागा हुडकत फिरायची. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, लिहिणं-वाचणं नव्हतं तेव्हाच्या लोकांनी आपली माणसं पुरली आणि भोवती हे दगड रोवले, असं तिनं मागच्या हिवाळ्यात सांगितलं होतं. कडूबाईनं तेव्हाच मनाशी धरलं, साक्षीला हीच पोरगी पाहिजे.

कारण खळ्याचा पश्चिमेकडचा, छातीएवढा दगड ही दोन भावांच्या वाटणीची खूण होती. पंचांनी सांगितलं, दगडापासून ओढ्यातल्या उंबरापर्यंत सरळ रेघ. उगवतीकडचं थोरल्या बन्सीचं, म्हणजे कडूबाईच्या नवऱ्याचं, मावळतीकडचं धाकट्या अप्पारावाचं. तेव्हा खळ्यात बाभळी माजलेल्या, बाकीचे दगड दिसतही नव्हते. पुढच्या पंधरवड्यात अप्पारावाला या दगडाच्या बुडाशी ताजी उकरलेली माती दिसली. आता, बांध सरकवणारा आपलीच जमीन वाढवतो, हे शेंबडं पोरही जाणतं. अप्पारावानं पारावर जाऊन जाहीर केलं, दादानं रातोरात बांध कोरला. बन्सी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. रागाच्या भरात अप्पारावानं बांधाला खेटून आपल्या बाजूला विहीर खणली आणि तिला भर उन्हाळ्यातही पाणी राहिलं. भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. बन्सी गेला, डाग राहिला. कडूबाईला तो धुवायचा होता.

सुतळी एकेका दगडाला टेकत निघाली.

"बघा, भावजी," प्रत्येक दगडाला कडूबाई म्हणत होती. "सुताला सूत लागतंय."

"बघतुया की. मोठा दगड येऊ द्या."

मोठा दगड आला, आणि सुतळी त्याला अडली. सरितानं ती दगडावरून उचलली, पलीकडं नेली, पुन्हा ताणली. आता ती अप्पारावाच्या कपाशीत उभी होती.

"मॅडम, तिथं कुठं? ते माझं वावर हाय."

"गोल इथून जातो, काका." सरिता खाली बसली. तिनं हातानं माती बाजूला सारली. खाली मुठीएवढी दगडाची खांडकं गोल बसवलेली होती, मधली माती भुसभुशीत. "दगड रोवताना बुडाला अशीच खांडकं ठोकतात. दगड मुळात इथं होता. नंतर कुणीतरी हलवलाय."

"इथंच माझा नांगर अडतो दरसाली," अप्पाराव म्हणाला, आणि मग एकदम हसला. "म्या काय म्हणत व्हतो, वैनी? हलला का नाय? आता नाव काय ठेवायचं तुमचं?"

कडूबाईच्या हातातली खुंटी सुटली. सुतळी सैल पडून गवतात गेली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, दगडाला वळसा घालून कपाशीत आली आणि खांडकांपाशी उभी राहिली. मग तिनं तिथून ओढ्यातल्या उंबरापर्यंत हवेत बोट ओढलं. विहीर बोटाच्या उगवतीला, बन्सीच्या बाजूला राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "हलला."

"हां."

"कुण्या बाजूला हलला, भावजी?"

अप्पारावानं खाली पाहिलं, मग समोर दगडाकडं, मग विहिरीकडं. तळहातावरची मळलेली तंबाखू तशीच राहिली.

"दादानं..." तो म्हणाला.

सरितानं सुतळी गुंडाळायला घेतली. "मावशी, नकाशात हा दगड कुठं दाखवू? जुन्या जागी, का नव्या?"

"हाय तिथं दाखव." कडूबाईनं पदर झटकला, बांधावर येऊन चप्पल पायात सरकवली. "आन् हलवायचा नाय कुणी. मालकांनी इचार करून ठिवला असंल." मग मागं न बघता, "भावजी, ऊन झालंय. घरी चला. भाकरी खाऊन जा."

अप्पाराव दगडाला हात न लावता बांध ओलांडून तिच्या मागं चालू लागला.

वाटणीच्या आधीच्या उन्हाळ्यात बन्सीनं कुणाला न सांगता जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या आणला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला तो आता विहीर आहे त्या जागी.