पाठीवरचे दोन पांढरे ठिपके

मी एक जुनं खोगीर आहे. म्हणजे, गेल्या आठवड्यापर्यंत होतो. मित्रांनो, आपल्या हातून झालेली चूक सांगायला कुणालाच आवडत नाही. मलाही नाही. पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या डोंगरात, माझा आताचा धनी मोखेथी याच्या वडिलांनी मला हौसेने बनवून घेतलं. आत लाकडी सांगाडा, वर गाईचं कातडं आणि खाली मेंढीच्या लोकरीने भरलेल्या दोन गाद्या. तुम्ही निरुपयोगी गोष्टींना 'खोगीरभरती' म्हणून हसता ना? हसा बापडे! पण एकदा घोड्याला विचारा. त्याची पाठ आणि माझं लाकूड यांच्यामध्ये तेवढी भरतीच काय ती असते.

माझा पहिला सोबती होता काळा घोडा. आम्ही मक्याच्या पिठाची पोती वाहिली, बर्फातून आजारी माणसं दवाखान्यात पोचवली. काही वर्षांनी माझ्याखाली त्याच्या पाठीवर दोन पांढरे ठिपके उमटले. लोक म्हणायचे, "काय देखणी खूण आहे!" मी फुशारून जायचो. पुढे काळ्या चावरा झाला, चाबूक खाऊ लागला आणि शेवटी विकला गेला. त्यानंतर मोखेथीचे वडीलही वारले.

मग आली नालेदी. तांबूस घोडी, कपाळावर चांदणी आणि स्वभाव लोण्यासारखा. दोन वर्षांत तिच्याही पाठीवर तसेच दोन ठिपके उमटले. मोखेथीच्या आईने, म्हाताऱ्या मा-मोखेथीने, टाळ्याच पिटल्या.

"बघ रे बघ! तुझ्या बाबांनीच धाडलीय ही! काळ्याचीच खूण आहे!"

पितरांसाठी अंगणात ज्वारीची बिअर ओतली गेली. सगळं घर आनंदात होतं. मला मात्र खरं काय ते ठाऊक होतं. माझी लोकर दबून तिच्या गाठी झाल्या होत्या, आतलं लाकूड तडकलं होतं. मी दिसलो की नालेदी कान मागे पाडायची, शेपूट झाडायची, दात विचकायची. मोखेथीने माझ्याखाली आणखी एक घोंगडी घातली. बूट चावतो म्हणून आत दोन मोजे घालावेत, तसंच झालं ते! मी अधिकच रुतलो.

एके दिवशी उतारावर तिला सोसवेना. ती उधळली. मोखेथी पडला, पिठाचं पोतं फुटलं.

"खाऊन खाऊन माजलीय!" तो खांदा चोळत ओरडला. "शनिवारी व्यापारी येतोय. देऊनच टाकतो हिला."

तो व्यापारी घोडे कत्तलखान्यात नेतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर मी, खुंटीवर गप्प बसलेला.

शुक्रवारी दिनेओ आली, मेंढ्यांना जंताचं औषध पाजायला. गुरांच्या दवाखान्यातली ही मुलगी. मोखेथीने सहज म्हटलं, "ताई, घोडीचे दात बघून वय सांग. उद्या विकायचीय."

दिनेओने दात पाहिले. मग तिने पाठीवरून तळवा दाबत नेला. नालेदीने कळवळून पाठ खाली वाकवली.

"दादा, हा माज नाही, दुखणं आहे. खोगीर आण बघू."

तिने मला उलटं करून चाचपलं. "हातच लाव की! दगड आहेत हे. असं रोज दाबलं गेलं की कातडी आतून मरते, मग तिथे पांढरे केस उगवतात."

"वा गं शहाणी!" मा-मोखेथी कडाडली. "माझ्या नवऱ्याची खूण आहे ती!"

"आई, खूण नाही. जुनी जखम आहे."

म्हातारीने त्या ठिपक्यांवर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे काळ्यासुद्धा... आणि आम्ही त्याला चाबकाने मारलं!" तिने नालेदीच्या मानेवर डोकं टेकवलं. "चुकलं गं बाई माझं."

मोखेथी पुटपुटला, "आई, बाबांची एवढीच वस्तू उरलीय. नवी लोकर भरून घेऊ."

"लोकर बदलेल, तडकलेलं लाकूड नाही," दिनेओ म्हणाली.

"मग नुसतं खुंटीवर ठेवू."

"आणि शेजारी मागायला आला तर नाही म्हणशील?" म्हातारीने विचारलं. कुणाला नाही म्हणणं मोखेथीच्या रक्तातच नव्हतं.

म्हातारीने सुरी आणली आणि माझे पट्टे स्वतःच्या हाताने कापले. कापताना ती रडत होती. मलाही दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

शनिवारी व्यापारी आला. म्हातारीने त्याला बिअर पाजली आणि म्हणाली, "जा बाबा आता. आमची पोर विकायची नाही."

नालेदीला दोन महिने सुट्टी मिळालीय. नवं खोगीर तिच्या पाठीचं माप घेऊनच बनेल. मित्रांनो, जनावर मुकं असतं म्हणतात. साफ खोटं! ती रोज बोलत होती, कानांनी, शेपटीने, दातांनी. म्हणून तुमचा घोडा चावला, तर काठी शोधू नका. आधी खोगीर उतरवा आणि पाठीवरून हात फिरवा.

आत्ता ती अंगणात धुळीत लोळतेय. चारही पाय आभाळाकडे! इतकी वर्षं मी तिच्या पाठीवर होतो, पण तिला असं लोळताना आज पहिल्यांदाच पाहतोय.